सोलापूर आकाशवाणीचा इतिहास गोळा करायचाय? मग असं करा

सोलापूर आकाशवाणीवर कुणीतरी नीट लिहायला पाहिजे राव, असं आपल्याकडं दर थोड्या दिवसांनी कुणीतरी म्हणतं, सगळे माना हलवतात, चहा संपतो आणि विषय पण संपतो. ज्याला खरंच करायचंय त्याच्यासाठी हे लिहितोय. कॉलेजचा प्रोजेक्ट असू दे, दिवाळी अंकातला लेख असू दे नाहीतर नुसती हौस असू दे, पद्धत सारखीच लागते.

पहिली गोष्ट म्हणजे सुरुवात केंद्रात जाऊन करू नका. शेवटी जायचंच आहे, पण आधी नको. मोकळ्या हातानं गेलात तर उद्घाटनाची माहिती, आलेल्या-गेलेल्या अधिकाऱ्यांची नावं आणि कार्यक्रमांची यादी मिळेल, तुम्ही ती उतरवून घ्याल आणि तोच इतिहास समजून घरी याल. तो झाला ऑफिसचा इतिहास. भवानी पेठेत मागावर बसून कोण काय ऐकत होतं, बार्शीच्या पोरानं फर्माइश पाठवली आणि नाव लागलं तेव्हा गल्लीत काय झालं, हे तिथल्या कुठल्या फाइलीत असणार? शिवाय त्या काळात टेप महाग असायची, त्यामुळं एक कार्यक्रम वाजला की टेप पुसून त्यावर दुसरा भरायचा ही आकाशवाणीत सगळीकडंच पद्धत होती. म्हणजे केंद्रावरून गेलेला आवाज बऱ्याचदा केंद्रात नाही, कुणाच्या तरी माळ्यावरच्या कॅसेटमध्ये आहे.

पूर्ण कामाला नियम एकच धरा: गोष्ट माणसाकडून घ्यायची, तारीख मात्र कागदाकडून. माणूस खोटं बोलत नाही हो, पण साल कुणाला लक्षात राहतंय? पुढं जे काही सांगणारंय ते सगळं या एका नियमाभोवतीच आहे.

कुणाकडं जायच्या आधी घरी बसून देशाचा सांगाडा वहीत लिहून काढा, एका पानाचं काम आहे. मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला एका खाजगी कंपनीनं सुरू केलं, १९३० मध्ये ती कंपनी बुडाली आणि सरकारनं ते ताब्यात घेतलं. ८ जून १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. पुणे केंद्र १९५३ चं, सांगली १९६३ चं. १९५२ ला बाळकृष्ण केसकर माहिती खात्याचे मंत्री झाले आणि त्यांनी सिनेसंगीताला कात्री लावली, तेव्हा सगळा देश श्रीलंकेतलं रेडिओ सिलोन लावून बसायला लागला, मग ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. त्यावर जाहिराती १९६७ पासून. जिल्ह्याच्या पातळीवरचं छोटं केंद्र, म्हणजे लोकल रेडिओ स्टेशन, ही कल्पना देशात पहिल्यांदा नागरकोइलला ३० ऑक्टोबर १९८४ ला उतरली. आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती ही संस्था २३ नोव्हेंबर १९९७ ला आली आणि मे २०२३ मध्ये ऑल इंडिया रेडिओ हे इंग्रजी नाव बाजूला ठेवून सगळीकडं फक्त आकाशवाणी म्हणायचं ठरलं.

हे पाठ करायचं कशाला? एखादे काका छातीठोक सांगतात की आम्ही ५५ साली विविध भारती ऐकायचो. ५५ साली विविध भारतीच नव्हती, मग ते सिलोन असणार किंवा साल तरी नंतरचं असणार. तोंडावर चूक काढायची नाही, वहीत बाजूला खूण करायची आणि पुढं ऐकत राहायचं. दुसरा उपयोग कागदाचा काळ ओळखायला. पत्राच्या डोक्यावर प्रसार भारती छापलंय म्हणजे ते १९९७ च्या शेवटानंतरचं. पत्त्यात सहा आकडी पिनकोड आहे म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. तारीख फाटून गेलेला कागद पण असा बोलतो.

आता माणसं. सुरुवात आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांपासून करा, ओळखीची माणसं कंटाळत नाहीत. आणि पहिला प्रश्न कार्यक्रमाचा विचारूच नका, सेटचा विचारा. कुठला होता, मर्फी का फिलिप्स का बुश? घरात कुठं ठेवलेला? खटका फिरवायचा अधिकार कुणाला? ह्या प्रश्नावर माणूस खुलतो. एका आजींना मी नुसतं विचारलं की रेडिओवर काय झाकायचा तुम्ही, तर त्यांनी भरतकाम केलेल्या कव्हरपासून सुरू करून सासऱ्यांच्या बातम्या, त्या चालू असताना भाकरी थापायचा आवाज पण चालायचा नाही म्हणून परातीखाली घातलेलं पोतं, आणि सासरे बाहेर गेले की जावाजावांनी हळूच लावलेली गाणी, इथपर्यंत सगळं सांगितलं. “तवा आवाज इतका बारीक ठेवायचो की कान लावून बसायचो बग दोघी.” हे तुम्हाला कुठल्या रिपोर्टात मिळणारंय का?

साल कधी विचारायचं नाही. “कोणत्या साली?” म्हटलं की माणूस काहीतरी ठोकून देतो. त्याऐवजी खुंट्या द्या. ७२ च्या दुष्काळाच्या आधी का नंतर? इंदिराबाई गेल्या तेव्हा हाच रेडिओ होता का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा घरात टीव्ही होता का? किल्लारीची खुंटी आपल्या भागात सगळ्यात पक्की, ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या जरा आधी, गणपती विसर्जनानंतरची पहाट, सोलापूर पण हादरलं होतं, त्यामुळं त्या दिवशी कोण कुठं होतं आणि बातमी कशावर ऐकली हे लोकांना अजून लख्ख आठवतं. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, पंढरपूरची आषाढी, मुलीचं लग्न, मिल बंद पडली ते वर्ष, असल्या खुंट्या प्रत्येकाच्या वेगळ्या. एकाच गोष्टीला दोन खुंट्या मिळाल्या की साल बऱ्यापैकी बांधलं जातं.

आणि नुसत्या मराठी माणसांना भेटून सोलापूरचा इतिहास लिहिला असं म्हणू नका बाबांनो, हे मी जरा रागानंच सांगतोय. शहराच्या पूर्वभागात तेलुगू बोलतात, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापुरात घराघरात कन्नड, शहरात उर्दू आहेच. ह्या घरांमध्ये खटका कुठं कुठं फिरायचा? हैदराबाद, गुलबर्गा, धारवाड. आपल्या केंद्रावर आपली भाषा किती लागते, लागते का नाही, यावर ह्या लोकांची ठाम मतं आहेत आणि त्यांना कधी कुणी विचारलेलं नसतं. तेलुगू येत नसेल तर पद्मशाली समाजातला एखादा मित्र सोबत घ्या, मराठीत विचारलं की आजोबा दोन वाक्यात उत्तर देतात आणि त्यांच्या भाषेत विचारलं की तासभर बोलतात. विडी वळणाऱ्या बायकांना तर भेटाच भेटा. हात कामात, कान मोकळे, दिवसभर रेडिओ ऐकणारा याहून चांगला श्रोता कुठला?

इथंच एक तांत्रिक गोष्ट सांगून ठेवतो कारण पुढं लागेल. मिडियम वेव्हला दिवसा आणि रात्री फार फरक पडतो. दिवसा वातावरणाच्या वरचा एक थर ह्या लहरी शोषून घेतो म्हणून जवळपासचीच केंद्रं लागतात, सूर्य मावळला की तो थर विरतो आणि त्याच्यावरचा थर लहरी खाली परतवतो, मग शेकडो किलोमीटरवरचं केंद्र पण खणखणीत येतं. म्हणून कुणी सांगितलं की रात्री लांबलांबची स्टेशनं लागायची तर विश्वास ठेवा, पण भर दुपारी लांबचं छोटं केंद्र स्वच्छ लागायचं म्हटलं तर आणखी विचारा. एफएमचं तसं नाही, ते साधारण नजरेच्या टप्प्यात चालतं, त्यामुळं माळशिरसच्या माणसाचा आणि शहरातल्या माणसाचा एफएमचा अनुभव एकसारखा असायचं कारण नाही.

जुन्या श्रोत्यांच्या वह्यांमध्ये आकडे असतात, ते पण सोडू नका. केंद्र किती मीटरवर आणि किती किलोहर्ट्झवर हे उद्घोषक सांगायचे आणि हौशी लोक लिहून ठेवायचे. तीन लाखाला किलोहर्ट्झनं भागलं की मीटर निघतात, पुणे ७९२ किलोहर्ट्झ म्हणजे ३७८.८ मीटर, सांगली १२५१ म्हणजे २३९.८. नोव्हेंबर १९७८ पासून मिडियम वेव्हची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली गेली, म्हणून आजच्या आकड्यांना ९ नं भाग जातो, ७९२ ला करून बघा. वहीतल्या आकड्याला ९ नं भाग जात नसेल तर ती नोंद बहुतेक त्याच्या आधीची, नाहीतर लिहिताना गडबड झालेली. एवढ्याशा गोष्टीवर मला भारी मजा येते, तुम्हाला येईलच असं नाही.

आता कागद. घरोघरी काय मागायचं ते नाव घेऊन मागा, “जुनं काही आहे का” म्हटलं की लोक नाही म्हणतात. एक, रेडिओचं लायसन. हो, पूर्वी रेडिओ ठेवायला लायसन लागायचं, पोस्टातून मिळायचं, दरवर्षी पैसे भरून त्या छोट्या पुस्तकात तिकीट चिकटवून घ्यायचं आणि त्यावर पोस्टाचा शिक्का. ऐंशीच्या दशकात हे बंद झालं. हे पुस्तक सापडलं तर सोनं समजा: मालकाचं नाव, पत्ता, आणि शिक्क्यांवर ओळीनं वर्षं. कुठल्या घरात रेडिओ कधी आला याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा नाही. घराची कागदपत्रं असलेल्या पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या जुन्या पिशवीत बघायला सांगा.

दोन, आणि हे माझ्या मते सगळ्यात मोलाचं, कलाकारांची करारपत्रं. आकाशवाणीवर कुणीही गायलं, भाषण दिलं, नाटकात बोललं की आधी टपालानं करारपत्र यायचं. त्यात कार्यक्रमाचा विषय, रेकॉर्डिंगची तारीख, प्रसारणाची तारीख नि वेळ, किती मिनिटं आणि मानधन किती, सगळं असतं. शाळेतले मास्तर, शेतीवर बोलणारे शेतकरी, भजनी मंडळं, हौशी नाटकवाले, ह्यांनी ते पत्र जपलेलं असतंच कारण घरातली ती पहिली सरकारी शाबासकी. भाषणाची लिखित संहिता आधी द्यावी लागायची, तिची कार्बन कॉपी पण बऱ्याचदा त्याच पाकिटात असते. कागदाचा फोटो काढताना पाकिटाचा पण काढा, पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो.

तीन, फर्माइशी पाठवणाऱ्यांच्या वह्या. फर्माइशींसाठी झारखंडातल्या झुमरी तलैया गावाचं नाव सगळ्या देशाला माहिती, पण आपल्याकडं करमाळा, सांगोला, मंगळवेढा, मोहोळ इथं पण असले वेडे होते की. श्रोता संघ काढायचे, रबरी शिक्का करून घ्यायचे, कुठलं गाणं कधी मागितलं आणि कधी लागलं याच्या तारखेवार नोंदी ठेवायचे. असा एक माणूस सापडला की त्याच्याकडून पुढच्या गावच्या माणसाचा पत्ता मिळतो.

कॅसेटचं जरा सविस्तर सांगतो कारण इथं लोक घाईत वाट लावतात. कॅसेट मिळाली की लगेच टेपरेकॉर्डरमध्ये घालायची नाही. आधी वरचे दोन कोपरे बघा, तिथल्या प्लास्टिकच्या छोट्या पट्ट्या शाबूत असतील तर मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी पुसली जाणार नाही. मग टेप जिथं उघडी दिसते त्या कडेच्या मधल्या खिडकीत आत स्पंजचा किंवा फेल्टचा छोटा तुकडा आहे का बघा, जुन्या कॅसेटमध्ये तो गळून पडतो आणि आवाज दबका येतो. पांढरी बुरशी दिसली तर वाजवूच नका, आधी माहितगाराकडून साफ करून घ्या. प्लेयरचं हेड आणि रबरी रोलर स्वच्छ करा, हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. कॅसेट एकदा पूर्ण पुढं आणि एकदा पूर्ण मागं पळवून घ्या, टेप मोकळी होते. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची टेप साठवालीपेक्षा पातळ असते, ती जपून. नंतर हेडफोनच्या किंवा लाइन आउटच्या भोकातून वायर लावून यूएसबी साउंड कार्डातून कॉम्प्युटरला, ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात वेव्ह फाइल म्हणून भरून घ्या. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो ठेवलं तर तासाला साधारण ५२० एमबी होतात, पेन ड्राइव्ह स्वस्त झालेत, एमपीथ्रीचा मोह नको. खरखर काढायची घाई पण नको, मूळ फाइल तशीच ठेवून साफसफाई कॉपीवर करा.

आणि कॅसेट मध्येच कापू नका! लोक गाणं ठेवतात आणि आधीची-नंतरची बडबड कापून टाकतात. अरे, गाणं कुठंही मिळतं, ती बडबडच तर पाहिजे आपल्याला: केंद्राचं नाव सांगणारा आवाज, वेळ, मध्येच आलेली पावसाची सूचना, बाजारभाव, पुण्याहून सहक्षेपित होणाऱ्या सात-दहाच्या बातम्यांची सुरुवात. त्यातल्या एका बातमीवरून कॅसेटची तारीख पक्की करता येते. कॅसेटवर पेनानं लिहिलेलं लेबल असेल तर त्याचा पण फोटो काढा.

आता वर्तमानपत्रं. खुंट्या आणि करारपत्रांवरून तुमच्या हातात अंदाजे महिने आलेले असतात, तेवढेच अंक काढायचे, नाहीतर आयुष्य जाईल. शहरातली जुनी वाचनालयं, हिराचंद नेमचंदसारखी, आणि संचारसारख्या स्थानिक दैनिकांच्या जुन्या फाइली, इथं रीतसर विनंती करून बसायचं. केंद्र सुरू झाल्याच्या बातमीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांचे अंक पण बघा, केंद्राची मागणी कोण करत होतं, निवेदनं कुणी दिली, जागेवरून काय वाद झाले, ते त्यात असतं. रोजच्या आकाशवाणीच्या कार्यक्रमांचा रकाना असतो तो लोक बघत नाहीत, आणि खरं तर एका आठवड्याचा तो रकाना उतरवला की शेतीला किती वेळ, बायकांच्या कार्यक्रमाला किती, गाण्यांना किती, हा सगळा हिशेबच समोर येतो. दर पाच वर्षांनी एक आठवडा घ्या, बदल आपोआप दिसतो. दिल्लीच्या बाजूनं बघायचं तर संसदेच्या डिजिटल लायब्ररीत जुने प्रश्नोत्तर आहेत, कुठल्या जिल्ह्याला केंद्र कधी, किती किलोवॅटचं, हे खासदार विचारत असत आणि मंत्री उत्तर देत.

एवढं झालं की मग केंद्रात जा. आता तुमच्या हातात तारखा आहेत, नावं आहेत, दोन-चार करारपत्रांच्या झेरॉक्स आहेत, समोरचा माणूस पण सावरून बसतो. तिथं मागायच्या गोष्टींची नावं माहीत पाहिजेत: ड्युटी रूमचं लॉगबुक, क्यू शीट (त्या दिवसाच्या कार्यक्रमांचा क्रम), फिक्स्ड पॉइंट चार्ट (कार्यक्रमांचं ठरलेलं वेळापत्रक), टेप लायब्ररीचं रजिस्टर. लॉगबुकमध्ये प्रसारणात काय चुकलं, किती मिनिटं आवाज बंद होता, बातमीमुळं कार्यक्रम कधी रद्द झाला, असलं सगळं असतं.

रीतसर पाहिजे असेल तर माहितीचा अधिकार आहे. प्रसार भारती केंद्र सरकारच्या अखत्यारीत येते त्यामुळं अर्ज केंद्र सरकारच्या आरटीआय (माहितीचा अधिकार) ऑनलाइन पोर्टलवर, राज्याच्या नाही. फी १० रुपये, अर्ज ५०० शब्दांच्या आत, उत्तर ३० दिवसात. “केंद्राचा संपूर्ण इतिहास द्यावा” असं लिहिलंत तर उत्तर पण तसंच येईल. अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं लॉगबुक बघायला मिळावं, असं नेमकं लिहा. कागद मागण्यापेक्षा तपासणी मागितलेली बरी, पहिला तास फुकट आणि पुढं तासाला ५ रुपये, झेरॉक्स पानाला २ रुपये. नष्ट केलेल्या रेकॉर्डची यादी पण मागा, काय गेलंय ते कळलं की शोधायचं कुठं तेही कळतं. पण खरं सांगू का, गोड बोलून जे काम होतं ते अर्जानं होत नाही, अर्ज शेवटी.

निवृत्त माणसांमध्ये सगळे उद्घोषकांकडं धावतात. आवाज ओळखीचा असतो, कळतं. पण ट्रान्समीटरवर रात्रपाळी केलेल्या माणसाला कुणी भेटत नाही, त्याला भेटा. आणि कॅज्युअल म्हणून महिन्यातल्या ठरावीक ड्युट्यांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या पोरापोरींना भेटा, अर्धं केंद्र त्यांच्या आवाजावर चालायचं. त्यांना कामाबद्दल विचारा, टेप तुटली की काय करायचा? मग ते हातानं करून दाखवतात: टेपची दोन्ही टोकं खाचेच्या पट्टीत बसवायची, ब्लेडनं तिरकी कापायची, मागून चिकटपट्टी लावायची, नखानं दाबायची. तिरकी का, तर सरळ कापली की जोडावर टक् असा आवाज येतो. वक्त्याचा खोकला असाच ब्लेडनं काढून टाकायचे.

मुलाखत मोबाइलवर घ्या, मोबाइल फ्लाइट मोडवर, पंखा बंद, आणि शेजारी यंत्रमाग असेल तर माग बंद असतानाची वेळ ठरवा. सुरुवातीला तारीख, ठिकाण, नाव बोलून घ्या आणि एका कागदावर सही घ्या की हे वापरायला हरकत नाही.

रेकॉर्डिंग नेटवर टाकायचा मोह होणार. थांबा जरा. प्रसारणावर प्रसारण संस्थेचा हक्क २५ वर्षं असतो, प्रसारणाच्या पुढच्या वर्षापासून मोजायचा, म्हणजे १९९८ चं प्रसारण २०२३ संपेपर्यंत. आणि ते संपलं तरी आतल्या गाण्याचा, नाटकाचा, कलाकाराचा हक्क वेगळा असतो. म्हणून मुलाखती आणि कागद खुशाल टाका, सहीची परवानगी आहे, पण कॅसेटच्या फाइली संग्रहात ठेवा आणि थोडक्यात वर्णन लिहा.

फाइलचं नाव ठेवताना “नवीन फोल्डर” आणि “आजोबा फायनल” असलं काही नको, आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग माणूस किंवा कार्यक्रम, आणि तारीख कशावरून धरली ते शेवटी: करारपत्र, पेपर, का नुसती खुंटी. एक कॉपी ज्याची वस्तू त्याच्या घरी पेन ड्राइव्हवर द्यायची, न मागता, आणि एक विद्यापीठाच्या किंवा गावातल्या मोठ्या वाचनालयात देऊन पोच घ्यायची. मूळ कागद आणि कॅसेटी मात्र ज्याच्या त्याला आठवड्याच्या आत परत, नाहीतर पुढच्या घरी तुम्हाला कुणी दार उघडणार नाही, सोलापुरात बातमी रेडिओपेक्षा लवकर पसरते.